जिथे बुडालेले यान परत मिळत नाही

१९९८ साली आइसलँडमधल्या घराघरांत पटावरचा एक नवा खेळ जाऊन पोहोचला. ‘हाइत्तुस्पिल’ हे त्याचे नाव. जेमतेम पावणेतीन लाख वस्तीच्या त्या बेटावर त्याच्या दहा हजारांहून जास्त प्रती खपल्या. खेळ काढणाऱ्या मंडळींनी वर्षभरापूर्वी, जून १९९७ मध्ये, राजधानी रेक्याविकमध्ये कंपनी थाटली होती. पण पटावरचे खेळ विकणे हा काही त्यांचा मूळ हेतू नव्हता. रेनिर हार्दार्सन आणि त्याच्या सोबत्यांना संगणकावर अवकाशातले एक अख्खे जग उभे करायचे होते. त्यासाठी लागणारा पैसा गाठीशी नव्हता. तो जमेपर्यंत पुठ्ठ्याच्या पटाने कंपनीला तारले.

कंपनीचे नाव क्राउड कंट्रोल प्रॉडक्शन्स, सगळे तिला सीसीपी म्हणतात. एप्रिल २००० मध्ये तिने गुंतवणूकदारांकडून २६ लाख डॉलर उभे केले आणि ६ मे २००३ रोजी ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ बाजारात आला. त्याच सुमारास अवकाशावरचे ऑनलाइन खेळ काढणारे इतर लोक सीसीपीपेक्षा कितीतरी बलाढ्य होते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘अर्थ अँड बियाँड’ सप्टेंबर २००२ मध्ये सुरू झाला आणि दोन वर्षांत बंद पडला. जून २००३ मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’च्या पाठीशी जगप्रसिद्ध चित्रपटांची पुण्याई होती, तरी डिसेंबर २०११ मध्ये त्यालाही गाशा गुंडाळावा लागला. ईव्ह मात्र वीस वर्षे उलटून गेली तरी चालू आहे. शिकायला अवघड, नवख्याला दयामाया न दाखवणारा, तासन्‌तास आकड्यांचे तक्ते चाळायला लावणारा हा खेळ लोक सोडत का नाहीत, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे.

ईव्हच्या कर्त्यांनी दोन जुन्या खेळांकडून धडे घेतले. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांचा १९८४ चा ‘एलिट’ हा पहिला. त्यात खेळाडू एकटा, हाताशी एक लहानसे यान आणि पुढ्यात अफाट आकाश. व्यापार करा, चाचेगिरी करा, कोणी काही सांगत नाही. दुसरा १९९७ चा ‘अल्टिमा ऑनलाइन’. त्यात हजारो माणसे एकाच वेळी एकाच जगात वावरत आणि आपापसांतले हेवेदावे आपणच निस्तरत. एलिटचे आकाश आणि अल्टिमाची माणसे एकत्र आणायची, असा रेक्याविकच्या मंडळींचा बेत होता.

तो तडीस नेताना त्यांनी एक निर्णय घेतला आणि पुढचे सगळे त्यातून निघाले. बहुतेक ऑनलाइन खेळांत एकाच जगाच्या अनेक नकला निरनिराळ्या सर्व्हरवर चालतात. एका नकलेत राजा पडला तर शेजारच्या नकलेत त्याची खबरही नसते. ईव्हमध्ये चीनसाठी २००६ मध्ये काढलेला स्वतंत्र सर्व्हर सोडला, तर सारी दुनिया एकाच जगात खेळते. त्या सर्व्हरचे नाव ‘ट्रँक्विलिटी’, मुक्काम लंडन. तिथे सुरुवातीला सुमारे पाच हजार सूर्यमाला होत्या. मार्च २००९ मध्ये आणखी अडीच हजारांची भर पडली. घड्याळ आइसलँडच्या वेळेवर चालते. रोज अकरा वाजता, म्हणजे भारतात दुपारी साडेचार वाजता, देखभालीसाठी हे अख्खे विश्व काही वेळ बंद होते आणि मग पुन्हा सर्वांसाठी एकदमच उघडते. त्यामुळे इथे घडलेली प्रत्येक गोष्ट सर्वांच्या सामाईक आठवणीत जमा होते. रशियन खेळाडूने जिंकलेली सूर्यमाला ब्राझीलच्या खेळाडूच्या नकाशावरही त्याच रंगात दिसते.

दुसरा नियम याहून कडक आहे. इथे यान फुटले की गेले. विम्याचे थोडे पैसे मिळतात, यान मिळत नाही. दुसरे घ्यायचे तर बाजारात जावे लागते आणि बाजारातला माल कोणा खेळाडूनेच बनवलेला असतो. कोणीतरी लघुग्रह खणून धातू काढतो, कोणी तो वाहून नेतो, कोणी कारखान्यात यान जोडतो, कोणी ते विकतो. जीता या सूर्यमालेतल्या चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्राजवळ एक स्थानक आहे. त्यात खास असे काही नव्हते. मोक्याच्या वाटेवर पडते म्हणून व्यापारी तिथे जमू लागले, गर्दीमुळे आणखी गर्दी झाली आणि आज खेळातली सर्वांत मोठी पेठ तीच आहे. कंपनीने आखून दिलेली ही राजधानी नाही, वाटसरूंनी बसवलेली आहे.

कौशल्ये शिकण्याची रीतही निराळी. एखादे मोठे यान चालवण्याचे प्रशिक्षण घ्यायचे तर ते खऱ्या घड्याळाप्रमाणे चालते. खेळाडू झोपलेला असो की कामावर गेलेला असो. वरच्या पायरीची कौशल्ये पुरी व्हायला महिने लागतात. २०१६ मध्ये पैसे मोजून कौशल्ये विकत घेण्याची सोय झाली खरी, पण पहिल्या तेरा वर्षांत या नियमाने एक सवय घडवली. खेळाडू वर्षभर गैरहजर राहिला तरी त्याचे पात्र मागे वाट पाहत असे. नुसत्या प्रतीक्षेतून कमावलेली ती वर्षे टाकून जाणे अनेकांच्या जिवावर येई.

नव्या माणसाला या कडकपणाने पळवून लावावे, असे कोणालाही वाटेल. कंपनीलाही तशी शंका होती. म्हणून तिने सुमारे ८०,००० नव्या खेळाडूंच्या पहिल्या पंधरा दिवसांचा माग काढला आणि २०१५ च्या वार्षिक मेळाव्यात निष्कर्ष मांडले. बहुसंख्य नवख्यांचे यान कोणीच फोडलेले नव्हते आणि खेळ सोडण्याचे प्रमाण त्यांच्यातच जास्त होते. ज्यांच्यावर कोणी हल्ला केला होता, ते जास्त टिकले. यान फुटलेला माणूस हल्लेखोराला जाब विचारतो, कोणाकडे तरी मदत मागतो, टोळीत सामील होतो. त्याला शत्रू मिळतो आणि शत्रूमुळे मित्रही मिळतात.

इतके सारे गमावण्याजोगे असल्यावर विश्वासाला मोल येते आणि विश्वासाबरोबर फितुरीलाही. एप्रिल २००५ मध्ये ‘गायडिंग हँड सोशल क्लब’ नावाच्या भाडोत्री टोळीने केलेली लूट खेळाडू अजून विसरलेले नाहीत. एका अज्ञात गिऱ्हाइकाने त्यांना ‘युबिक्वा सेराफ’ या संस्थेच्या प्रमुखाचा काटा काढण्याची सुपारी दिली होती. टोळीची माणसे एकेक करून त्या संस्थेत नोकरीला लागली. महिनोन्‌महिने इमानाने कामे केली, वरच्या जागांवर चढली, गोदामांच्या किल्ल्या मिळवल्या. त्यांच्यातला एक जण तर प्रमुखाचा उजवा हात झाला. मग ठरल्या दिवशी संकेत मिळताच ठिकठिकाणची गोदामे एकाच वेळी रिकामी झाली आणि प्रमुखाचे दुर्मीळ यान तिच्या स्वतःच्या अंगरक्षकांनीच फोडले. करारात ठरल्याप्रमाणे तिचे गोठलेले प्रेतही गिऱ्हाइकाच्या हवाली झाले. लुटलेल्या मालाची किंमत सुमारे ३० अब्ज इस्क, म्हणजे त्या वेळच्या हिशोबाने १६,५०० डॉलर इतकी धरली गेली. इस्क हे खेळातले चलन; आइसलँडच्या क्रोना चलनाचे आंतरराष्ट्रीय लघुरूपही हेच आहे. फसवणूक झाली म्हणून कंपनीने कोणालाही शिक्षा केली नाही. खेळाच्या नियमांत ती बसत होती.

खेळाडूंनी बँकाही काढल्या. ‘ईबँक’ ही त्यांतली मोठी. २००९ मध्ये तिच्या संस्थापकांपैकी एकाने ठेवीदारांचे सुमारे २०० अब्ज इस्क उचलले आणि ते बाहेर विकून सहा हजारांवर ऑस्ट्रेलियन डॉलर मिळवले. घराच्या आगाऊ रकमेसाठी आणि दवाखान्याच्या बिलांसाठी. बातमी फुटताच ठेवी काढायला झुंबड उडाली. कंपनीने त्याचे खाते बंद केले, पण कारण वेगळे होते. अफरातफर नियमात बसत होती. खेळातले चलन बाहेर खऱ्या पैशांना विकणे बसत नव्हते.

याच जगात ‘क्रिब्बा’ नावाचा खेळाडूही होता आणि त्याची कहाणी जास्त बोलकी आहे. टायटन हे ईव्हमधले सर्वांत अवाढव्य यान. ते एवढे मोठे की त्या काळी स्थानकात उभे करता येत नसे, त्यामुळे बाजारातल्या नेहमीच्या करारानेही विकता येत नसे. सौदा उघड्या अंतराळात व्हायचा. विकणाऱ्याने यानातून उतरायचे आणि घेणाऱ्याने चढायचे. या मधल्या क्षणात कोणीही दगा देऊ शकतो: पैसे घेऊन यान न देणे, यान घेऊन पैसे न देणे. अशा वेळी दोन्ही पक्ष क्रिब्बाला बोलावत. पैसे त्याच्याकडे ठेवायचे, यानाचा ताबा बदलला की तो ते विकणाऱ्याला देणार, आपली दलाली घेणार आणि निघून जाणार. एकदाच बेइमानी केली असती तर त्याच्या हाती डोळे दिपतील एवढी संपत्ती आली असती. वर्षानुवर्षे त्याने ती केली नाही. फसवणुकीला शिक्षा नसलेल्या जगात एका माणसाच्या नुसत्या नावावर एवढे व्यवहार होत. जिथे लबाडीच अशक्य असते तिथे प्रामाणिकपणाला किंमत उरत नाही. इथे ती होती, म्हणून ते नाव जपण्यासारखे होते.

कंपनी स्वतः या विश्वासाच्या कसोटीला दोनदा उतरली नाही. पहिला प्रसंग २००७ चा. सीसीपीच्याच एका कर्मचाऱ्याने ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या बलाढ्य युतीला मौल्यवान आराखडे बेकायदा पुरवल्याचे उघड झाले. खेळाडू एकमेकांची फसवणूक सहन करत होते, पण पंचानेच एका बाजूला झुकावे हे त्यांना सहन होईना. कंपनीने अंतर्गत तपासणीची यंत्रणा उभारली. २००८ मध्ये खेळाडूंनी मतदानाने निवडलेले प्रतिनिधी मंडळ अस्तित्वात आले. हे प्रतिनिधी रेक्याविकला जाऊन कंपनीशी समोरासमोर बोलतात. पहिल्या निवडणुकीत नऊ जण निवडून आले. त्याआधी, २००७ मध्येच, कंपनीने एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाला नोकरीवर घेतले होते. ते आक्युरेरी विद्यापीठातून आलेले. धातूंचे भाव, चलनवाढ, उत्पादन यांचे तिमाही अहवाल ते एखाद्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या थाटात प्रसिद्ध करत. पुढे २०१४ मध्ये ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

दुसरा प्रसंग २०११ च्या उन्हाळ्यातला. कंपनीने पात्रांसाठी कपडे आणि दागिन्यांचे दुकान काढले. त्यात एका डोळ्यावर लावायचा चष्मा होता, किंमत खऱ्या पैशांत साठ डॉलरहून जास्त. त्याच वेळी कंपनीचे एक अंतर्गत पत्रक बाहेर फुटले आणि खेळाडूंकडून आणखी पैसा कसा काढायचा याची त्यातली चर्चा सर्वांनी वाचली. हजारो खेळाडू जीतामध्ये जमले आणि तिथल्या पुतळ्यावर तोफा डागू लागले. पुतळा फुटणारा नव्हता, हे त्यांना ठाऊक होते. खाती बंद होऊ लागली, प्रतिनिधी मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलावले गेले. ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकारी हिल्मार वेगार पेटुर्सन यांनी जाहीर माफी मागितली आणि त्याच महिन्यात कंपनीने सुमारे २० टक्के कर्मचारी कमी केले. पुढे जीतामधला तो पुतळा भग्नावस्थेत दाखवला जाऊ लागला. कंपनीने आपल्या पराभवाची खूण पेठेच्या दारात कायम ठेवली, ही गोष्ट खेळाडूंच्या निष्ठेबद्दल पुष्कळ सांगून जाते. त्यांचा राग इथे इतिहासात धरला गेला.

वृत्तपत्रांत ईव्हचे नाव आले ते मुख्यतः लढायांमुळे. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याच ‘बँड ऑफ ब्रदर्स’चा एक संचालक विरोधी ‘गूनस्वार्म’ला जाऊन मिळाला. त्याच्या अधिकाराचा वापर करून सारी युतीच रातोरात बरखास्त केली गेली आणि तिचे नावही शत्रूने स्वतःकडे नोंदवून घेतले. वर्षानुवर्षे लढूनही जी युती पूर्णपणे मोडता आली नव्हती, ती काही कळा दाबून मोडली.

जानेवारी २०१४ ची लढाई तर एका न भरलेल्या बिलातून पेटली. ‘बी-आर५आरबी’ या सूर्यमालेवरचा ताबा टिकवण्यासाठी ठराविक रक्कम नियमित भरावी लागे. २७ जानेवारीला ती भरली गेली नाही आणि मालकी सुटली. ज्या आघाडीची यानांची मोठी छावणी तिथे होती, तिच्या विरोधकांनी संधी साधली. दोन्हीकडून मदतीच्या हाका गेल्या. युरोपातले लोक कामावरून लवकर निघाले, अमेरिकेतले सकाळी उठून थेट पटावर आले. एवढी गर्दी झाली की सर्व्हर कोसळू नये म्हणून खेळातला काळच मंद केला गेला. एका सेकंदाचे काम दहा सेकंदांत होऊ लागले. तोफ डागण्याचा हुकूम द्यायचा आणि तिचा परिणाम दिसेपर्यंत ताटकळायचे. असे सुमारे २१ तास चालले. एकूण ७,५४८ खेळाडू लढाईत उतरले, ७५ टायटन नष्ट झाले आणि नुकसानीचा अंदाज तीन लाख डॉलरच्या पुढे गेला. खेळातले चलन खऱ्या पैशांनी विकत घेता येते अशी अधिकृत सोय असल्याने हा हिशोब मांडता येतो. कंपनीने त्या जागी फुटलेल्या यानांच्या सांगाड्यांचे कायमचे स्मारक उभारले. आजही नवे खेळाडू ते पाहायला जातात.

हा विक्रमही मोडला. जुलै २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात, जग करोनामुळे घरात बसलेले असताना, ईव्हमध्ये तेरा महिन्यांचे महायुद्ध झाले. गूनस्वार्मची ‘इम्पेरियम’ ही आघाडी आपल्या मुलखातल्या एका कोपऱ्यात वेढली गेली. ३०-३१ डिसेंबर २०२० ला ‘एम२-एक्सएफई’ इथल्या लढाईत सुमारे ३,७८,००० डॉलर किमतीची याने गेली आणि गिनेस बुकात तशी नोंद झाली. एवढे होऊनही वेढा फोडता किंवा जिंकता आला नाही. घेरणाऱ्यांचीच एकी मोडली, त्यांनी माघार घेतली आणि वेढलेले तगून राहिले.

अशा युद्धात तोफ चालवणारे असतात हजारो, पण युद्ध उभे राहते ते मागच्या फळीच्या जोरावर. कोणी इंधनाचा साठा बघतो, कोणी फुटलेल्या यानांची भरपाई वाटतो, कोणी शत्रूच्या गोटात हेर पेरतो, कोणी तहाची बोलणी करतो. एखादा आयुष्यात एकही गोळी न झाडता वर्षानुवर्षे मालवाहू यान हाकतो, आणि सगळ्या ताफ्याला त्याचे नाव माहीत असते. शत्रूच्या तळाला धक्का द्यायची वेळ पहाटे तीनची आली, तर गजर लावून उठणारे शेकडो निघतात. त्यांना उठवते ती खेळाची ओढ कमी आणि आपण गेलो नाही तर मंडळी काय म्हणतील ही भावना जास्त. तक्त्यांचे वेड असे की २०२२ च्या मेळाव्यात कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने खेळाची माहिती थेट एक्सेलमध्ये आणण्याची घोषणा केली, तेव्हा सभागृहाने जल्लोष केला.

हा मेळावा २००४ पासून रेक्याविकमध्ये भरतो. एकमेकांची याने फोडणारे लोक तिथे एका टेबलावर बसून जेवतात. त्या ओळखी पडद्यापुरत्या राहत नाहीत, याचा सर्वांत दुःखद पुरावा सप्टेंबर २०१२ चा. ११ तारखेला लिबियात बेंगाझी इथल्या अमेरिकी कार्यालयावर हल्ला झाला आणि त्यात परराष्ट्र खात्याचा माहिती अधिकारी शॉन स्मिथ मारला गेला. ईव्हमध्ये तो ‘व्हाइल रॅट’ होता: गूनस्वार्मचा मुत्सद्दी, प्रतिनिधी मंडळाचा माजी सदस्य. युत्या जुळवणे आणि तह घडवणे हेच त्याचे काम. त्याच्या मृत्यूनंतर मित्रांनी आणि शत्रूंनी मिळून खेळातल्या शेकडो स्थानकांना त्याचे नाव दिले आणि त्याच्या पत्नी-मुलांसाठी एक लाख डॉलरहून अधिक निधी जमवला. सहकारी गेला की याने एका जागी आणून अंतराळात दीपस्तंभासारखे झोत पेटवायचे, हा खेळाडूंचा रिवाज आहे. मोलिया सूर्यमालेत त्यांनी आपली दफनभूमीही उभारली आणि एका खेळाडूने ती वर्षानुवर्षे सांभाळली. हे नियम कोणत्याही नियमावलीत नाहीत.

२०१४ मध्ये १ मे रोजी रेक्याविकच्या बंदरावर शिल्पकार सिगुर्दुर गुडमुंडसन यांचे एक शिल्प उभे राहिले. त्याच्या तळाशी त्या वर्षीच्या मार्चमध्ये खेळात असलेल्या खेळाडूंची नावे कोरलेली आहेत. मेळाव्याला आलेले लोक वाकून, बोट फिरवत आपले नाव शोधतात. त्याआधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहात पहिल्यांदाच चौदा व्हिडिओ गेम घेतले, त्यांत ईव्ह होता. ‘टेट्रिस’ संग्रहालयात ठेवता येतो, प्रेक्षक चार मिनिटे खेळून जातात. ईव्ह तसा ठेवता येईना. अखेर खेळाडूंनी केलेल्या चित्रणातून तयार केलेली चित्रफीत दाखवावी लागली, कारण माणसांशिवाय हा खेळ म्हणजे नुसते रिकामे आकाश.

इतक्या लोकांची इतकी चिकाटी दुसऱ्या कामीही आली. २०१६ मध्ये खेळातच पेशींची सूक्ष्मदर्शकातली चित्रे दाखवून त्यांतली प्रथिने कुठे आहेत ते ओळखण्याचे काम ‘ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलास’साठी सुरू झाले. तीन लाखांहून अधिक खेळाडूंनी सव्वातीन कोटींच्या वर नोंदी केल्या. त्यावरचा शोधनिबंध २०१८ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त आला. नंतर परग्रहांचा शोध आणि करोनाशी संबंधित पेशींचे विश्लेषण ही कामेही त्यांनी केली. फिलिपिन्समधले वादळ असो की युक्रेनचे युद्ध, खेळातले चलन दान करून खरा निधी उभारण्याची प्रथाही पडलेली आहे.

या निष्ठेची किंमतही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पहाटेचे गजर, मोडलेली झोप, घरच्यांचा हिरावलेला वेळ, युत्या चालवता चालवता थकून गेलेले नेते ही या इतिहासाची दुसरी बाजू. जुगाराच्या पैशावर २०१६ मध्ये एक मोठे युद्ध पोसले गेले, तेव्हा कंपनीला असे जुगार बंद करावे लागले. मनाने खचलेल्यांना आधार देण्यासाठी खेळाडूंनी स्वतःच गप्पांचा मंच चालवला, यावरून गरज कळते. गर्दीचा कळसही मागे पडला आहे. ५ मे २०१३ रोजी एकाच वेळी ६५,३०३ खेळाडू हजर होते. ती उंची पुन्हा गाठली गेलेली नाही. २०१८ मध्ये दक्षिण कोरियाच्या ‘पर्ल अ‍ॅबिस’ने सीसीपी विकत घेण्याचे ठरवले, मे २०२२ मध्ये मासिक वर्गणी १५ वरून २० डॉलरवर गेली, ओरड झाली, काही गेले. उरलेले टिकून राहिले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये विसाव्या वाढदिवसाच्या मेळाव्याला रेक्याविकला जमले.

त्यांना धरून ठेवणारी गोष्ट चित्रांच्या झगमगाटात नाही. तो इतर खेळांत जास्त आहे. इथे त्यांनी काहीतरी गमावलेले आहे, कोणाचा तरी विश्वास कमावलेला आहे, आणि ते सारे हजारो लोकांच्या आठवणीत नोंदलेले आहे. अशी पत दुसऱ्या खेळात घेऊन जाता येत नाही.

म्हणूनच या जगाच्या नोंदी नीट जपायला हव्यात. अमेरिकी पत्रकार अँड्र्यू ग्रोएन यांनी खेळाडूंच्या मुलाखती घेऊन, जुने संदेश आणि ध्वनिमुद्रणे तपासून ‘एम्पायर्स ऑफ ईव्ह’ हा इतिहास लिहिला. त्याचा पहिला खंड २०१६ मध्ये लोकवर्गणीतून निघाला. पण एवढ्या मोठ्या समाजाला एक इतिहासकार पुरत नाही. कोणी काय राखले, कोणी कोणाला दगा दिला, कोणी कोणासाठी पहाटे उठले, हे सांगणारे लोक आज हयात आहेत आणि बोलायला तयार आहेत. समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांनी, आणि स्वतः खेळणाऱ्यांनीही, सर्व्हर चालू आहे तोवर त्यांची साक्ष लिहून घ्यावी.